अन्य भाषा येत नाही म्हणजे आत्माच नाही?



माझी मावशी चाळीस वर्षं चर्चला जातेय. परवा एका नव्या फेलोशिपमधल्या पोराने तिला सांगितलं, "तुम्ही अन्य भाषेत बोलत नाही, म्हणजे तुमचा पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झालेलाच नाही." रात्रभर झोपली नाही ती. इकडे तिचे पाळक म्हणतात, अन्य भाषा प्रेषितांबरोबरच संपल्या, आताचं सगळं ढोंग. दोघांच्या हातात बायबल एकच!

आपल्याला वाटतं हा वाद यूट्यूबवरून आला. नाही हो. १९०५ साली केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, मुली रडत-ओरडत तासन्‌तास प्रार्थना करायला लागल्या. लॉस एंजेलिसचं ते प्रसिद्ध अझुसा स्ट्रीट १९०६चं, म्हणजे नंतरचं. पुढे केडगावातही अन्य भाषा ऐकू आल्या. अमेरिकेत चार्ल्स पॅरहॅम शिकवत होता, की अन्य भाषा हाच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा पुरावा. रमाबाईंनी दान खरं मानलं, मुलींना थांबवलं नाही. पण ते प्रत्येकाला मिळालंच पाहिजे, ही अट नाकारली.

मी कोड लिहिणारा माणूस. ॲपमध्ये एखादं फीचर आहे म्हणून ते लॉगिनची अट होत नाही ना? पहिल्या करिंथच्या १२व्या अध्यायात पौल विचारतो, सगळेच अन्य भाषा बोलतात का? आणि १४व्यात म्हणतो, बोलणाऱ्यांना मना करू नका. फेलोशिपवाले १२वा गाळतात, पाळक १४वा.

मावशीला दोन्ही अध्याय मोठ्या अक्षरांत पाठवलेत. आता ती म्हणतेय, पाळकांना आणि त्या पोराला एकाच दिवशी चहाला बोलावते. काय होतं ते पुढच्या भागात सांगतो.