दोन देवांच्या उंबरठ्यावर

श्रोतेहो, खेळातही धर्माचा पेच पडतो, असं मी म्हटलं तर आपल्याला हसू येईल. मलाही आलं असतं. पण गेल्या पावसाळ्यात भाच्याच्या घरी एक डाव पाहिला आणि माझं मत पालटलं.

हा डाव पटाचा नव्हे, पत्त्यांचाही नव्हे. चारपाच जणांनी एकेक सोंग घ्यायचं, एकानं गोष्ट चालवायची आणि अडेल तिथं फासे टाकायचे. खेळाचं नाव 'रूनक्वेस्ट'; १९७८ साली तो अमेरिकेत निघाला. तो ज्या जगात घडतो ते ग्लोरांथा नावाचं जग ग्रेग स्टॅफर्ड (१९४८–२०१८) यांनी कल्पिलं.

त्या जगात देव पुष्कळ. ऑर्लांथ वादळाचा, अर्नाल्डा ही त्याची पत्नी म्हणजे भूमाता, इसरीझ व्यापाऱ्यांचा, हुमक्त तलवारीचा नि मृत्यूचा, चालाना अरॉय ही आरोग्याची देवी. आता, एका माणसानं किती देवांना भजावं? नियम मोठा मार्मिक आहे. साधा भक्त अनेक देवळांत जाऊ शकतो. दीक्षा घेतली की मात्र आपल्या आत्मबळाचा एक अंश देवाला कायमचा द्यायचा, मिळकतीचा नि वेळेचा दहावा हिस्सा द्यायचा, आणि व्रतं पाळायची. दुसरी दीक्षा घ्यायची तर दोन्ही देवांचं आपसांत जमायला हवं.

हे आपल्याला परकं वाटू नये. घरचं कुलदैवत खंडोबा असलेला माणूस आषाढीला पंढरीची वाट धरतो. त्याला कोणी अडवीत नाही. पण गळ्यात तुळशीची माळ पडली, आणि घरात देवाच्या नावानं बोकड कापायची रीत असली, म्हणजे जेवणाच्या पानावर पेच उभा राहतो. नमस्कार पुष्कळांना करता येतो. व्रताची गोष्ट निराळी.

त्या डावात नेमकं हेच झालं. भाच्याचं सोंग तलवारबहाद्दराचं. अनेक डाव तो चालाना अरॉयच्या देवळातही डोकं टेकवीत आलेला; जखमा तिथंच बऱ्या व्हायच्या. पुढं त्यानं हुमक्तची दीक्षा घेतली. त्या दिवशी लढाईत फासे उलटे पडले आणि तो मेला.

शेजारची मुलगी त्या देवीची उपासक झाली होती. कोणाला इजा करायची नाही, हे तिचं व्रत. आणि मेलेल्याला उठवण्याची शक्ती तिच्या देवीपाशी. ती उत्साहानं म्हणाली, "थांबा, मी उठवते त्याला."

भाचा म्हणाला, "नको. हुमक्तचा माणूस परत येत नाही."

खोलीत कोणी बोलेना. दोन वर्षं जपलेलं सोंग! ती मुलगी रडवेली झाली. मग हळूच म्हणाली, "बरं. नुसती शेजारी बसते."

मी भाच्याला मागाहून विचारलं, "अरे, खेळच ना? उठला असतास तर काय बिघडलं असतं?"

"मामा, मग दीक्षेला अर्थ काय राहिला?"

मला वाटतं, परधर्माचा आदर म्हणतात तो त्या मुलीनं केला. आपल्या देवीची कृपा थोर खरी, पण ती दुसऱ्याच्या व्रतावर लादायची नाही, हे तिला उमगलं. दुसऱ्याच्या देवळात हात जोडणं त्या मानानं सोपं असतं, नाही का?