मोटारीची दुसरी किल्ली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मोटारीच्या चोरीवर मी बोलणार हे कळताच काहीजणी हसल्या. पण आपल्यातल्या कितीतरीजणी आता स्वतः मोटार चालवतात, आणि ज्या चालवत नाहीत त्यांच्याही कपाटात तिची दुसरी किल्ली असतेच. निदान असायला हवी.

आमची नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका लग्नमांडवापाशी आमचे हे आहेराची पिशवी आत देऊन येतो म्हणून उतरले. इंजिन चालू, किल्ली जागेवर. पाच मिनिटांत परत येऊन पाहतात तो मोटार नाही! दुसरी किल्ली आणि सगळी कागदपत्रे मोटारीतल्याच कप्प्यात होती. कुणी ओळखीच्याने थट्टेने नेली असेल म्हणून आम्ही दोन तास पाहुण्यांना विचारत फिरलो. विमा कंपनीने दोन्ही किल्ल्या मागितल्या. आमच्याकडे एकही नव्हती. निष्काळजीपणा झाला, असे सांगून तिने पैसे नाकारले. नसलेल्या मोटारीचे हप्ते आम्ही पुढे वर्षभर भरले.

ते दोन तास मला अजून बोचतात. आपला नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला, तो दोन सीमांवरचा. एकीकडे गुजरात; दुसरीकडे शहादा सोडून खेतियाला पोचले की मध्य प्रदेश लागला. तेव्हा मोटार दिसेनाशी झाली की आधी ११२ वर फोन करावा, पाहुण्यांना मागाहून विचारावे. मोटारीचा नंबर, चासी नंबर आणि इंजिन नंबर घरातल्या वहीत लिहिलेले असावेत. फास्टॅगमधून टोल कापल्याचा संदेश आला, तर तोही पोलिसांना लगेच दाखवावा.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा बांधणारा माणूस दाव्याची गाठ दोनदा ओढून पाहतो. लाखोंची मोटार मात्र आपण किल्लीसकट सोडून जातो! अलीकडच्या बहुतेक मोटारींच्या किल्लीत चिप असते. ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. म्हणून चोर किल्लीच्याच मागे असतो. बटण दाबून सुरू होणाऱ्या मोटारीत तर किल्लीचा संकेत दाराबाहेरून यंत्राने पकडून मोटारीपर्यंत पोचवता येतो. ती किल्ली दाराजवळच्या खुंटीवर नको. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावी, आणि डबा मोटारीजवळ नेऊन दार उघडते का ते पाहावे. आमच्याकडे पहिला डबा नापास झाला.

आज घरी गेल्यावर विम्याचा कागदही काढून पाहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे तो तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा. नुसता तेवढाच असेल तर चोरीचे पैसे मिळत नाहीत. चोरी झाल्यास कंपनीलाही त्याच दिवशी कळवावे. पोलिसांकडे ताबडतोब फिर्याद दिलेली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे. आमच्या बाबतीत फिर्यादच उशिरा गेली होती.

आता आमच्या दारात जुनी मोटार आहे. तिची दुसरी किल्ली माझ्या कपाटात असते, आणि ह्यांनी मागितली तर कशाला हवी ते मी आधी विचारते.