पडदा आणि कागद



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे कारखान्याच्या फाटकावर झाले. आपल्या साक्री तालुक्यात डोंगरांवर पवनचक्क्या आल्या, २०१३ साली शिवाजीनगरला सूर्याच्या उन्हावर वीज निघू लागली. आपली पोरे वीजकाम शिकत आहेत. त्यांच्यासाठी तालुक्याबाहेरच्या एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. नाव घेत नाही.

तिथे वीजजोडणीचा नकाशा संगणकावर काढला होता. चालू भाग लाल रेघेने, बंद केलेला गडद हिरव्या रेघेने. साहेबांनी पडद्यावर पाहून मंजुरी दिली. कामगाराच्या हाती मात्र काळ्या शाईत छापलेली प्रत आली. रंगाचा करडा करताना यंत्र रंगाचे नाव विचारीत नाही, त्याचा उजळपणा तेवढा पाहते. आणि लाल व गडद हिरवा यांचा उजळपणा जवळजवळ सारखाच. दोन्ही रेघा एकसारख्या करड्या झाल्या! आमच्या पोराने बंद समजून चालू पेटी उघडली. हात घालण्याआधी टेस्टर लावण्याची सवय होती, म्हणून वाचला. आणि त्याला बक्षीस काय मिळाले? निष्काळजीपणाचे आरोपपत्र!

चौकशीत साहेब म्हणाले, "नकाशा बरोबर आहे, पडद्यावर पाहा." मी म्हणालो, "साहेब, त्याने पडदा पाहिलेलाच नाही. त्याला दिलेला कागद पाहा." दोन्ही शेजारी ठेवले, तेव्हा आरोपपत्र मागे घेतले गेले.

मग मी हा विषय खोदून पाहिला. अगदी बारीक ठरवलेली रेघ पडद्यावर निदान एका ठिपक्याएवढी दिसतेच. इंचात ९६ ठिपके धरले, तर ती पाव मिलिमीटरची. छपाईयंत्र इंचात ६०० ठिपके उमटवते. तिथे एक ठिपका म्हणजे ०.०४ मिलिमीटर. पडद्यावरची स्पष्ट रेघ कागदावर हरवते, ती अशी. नकाशा ए-३ कागदाचा आणि छापला ए-४ वर, तर दहा सेंटिमीटरचे सातच उरतात. कोपऱ्यातले '१ सें.मी. म्हणजे १ मीटर' हे शब्द मात्र तसेच! मग दीड मीटरची वाट मोजताना एक मीटर भरते. छापणाऱ्या संगणकात तो देवनागरी टंक नसला, तर अक्षरेही चौकटीबाहेर जातात.

यात यंत्राचा कट नाही. पडदा उजेडाने दाखवतो, कागद शाईने. दोष आहे तो कागद न पाहता सही करणाऱ्याचा.

म्हणून आमची मागणी साधी आहे. मंजुरीची सही छापील प्रतीवर व्हावी. रंगावर विसंबू नये. चालूला अखंड रेघ, बंदला तुटक, आणि शेजारी शब्द लिहावा. प्रमाण नुसते आकड्यात न देता नकाशावर मोजपट्टी काढावी. नकाशा आखडला की तीही आखडते. आणि सहीआधी ती प्रत प्रत्यक्ष काम करणाऱ्याला वाचायला द्यावी. त्याला जे दिसेल, तोच खरा नकाशा.