"ती मैत्रीण मीच"
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



वसतिगृहातली मुलं घरचं दुःख कोणाला आणि कसं सांगतात, यावर बोलायला मला सांगितलं आहे. सातपुड्यातल्या मुलींच्या वसतिगृहात मी ११ वर्षं गृहमाता आहे. तेवढ्या अनुभवावरून बोलते.

समोर बसवून "घरी सगळं ठीक ना?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "ठीक आहे, मॅडम." तीच मुलगी संध्याकाळी तांदूळ निवडताना, डोळे ताटात ठेवून, बापाच्या दारूचं सांगून जाते. नाहीतर केसांना तेल लावताना, नाहीतर लाइट गेल्यावर अंथरुणात. तोंडाकडे कोणी पाहत नसलं की बोलणं सोपं जातं. आणि तेही मराठीत नाही, पावरीत किंवा भिलीत. म्हणून आमच्या स्वयंपाकीणबाईंच्या कानावर माझ्यापेक्षा जास्त येतं.

पहिली गोष्ट बहुतेक मैत्रिणीची असते. होळीच्या सुट्टीनंतर नववीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझ्या मैत्रिणीचं लग्न ठरवलंय. तिला शिकायचंय." मैत्रीण कोण, हे मी विचारलं नाही. "तिला सांग, १८ वर्षांआधी मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, आणि १०९८ला फोन फुकट लागतो," एवढंच म्हटलं. चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मॅडम, ती मैत्रीण मीच."

मग बाकीचं आलं. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता, आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. मुलाकडच्यांना दिवाळीनंतरच्या हंगामाला जोडी हवी होती. बापाने देजाचे अर्धे पैसे घेऊन खर्चही केले होते. बाप दुष्ट नाही, कर्जात आहे. पण लग्न मुलीचं लागणार होतं.

"कोणाला सांगू नका," ती म्हणाली. हे वचन मी देत नाही, तुम्हीही देऊ नका. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवावंच लागतं. "तुला सांगितल्याशिवाय कोणाकडे जाणार नाही," एवढं मात्र म्हणता येतं. आम्ही दोघी आधी तिच्या आईशी बोललो, मग ग्रामसेवकांशी. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी त्यांच्यावर असते.

आता थोडं आपल्याविषयी, रागावू नका. प्रार्थनासभेत आपण प्रेमानेच सांगतो, "अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा, घरात फार भांडणं आहेत." मुलगी मागच्या सतरंजीवर बसलेली असते. पुढे वर्षभर ती कोणाजवळ तोंड उघडत नाही. नाव न घेता प्रार्थना करता येते.

लग्न थांबलं. देजाचे पैसे फेडायला आई यंदा तोडीला गेली आहे. बाप अजून मुलीशी बोलत नाही. ती दहावीला बसते आहे. नाताळात वसतिगृह रिकामं होईल, तेव्हा तिच्यासह पाच मुली इथेच राहतील. कोणाला चार दिवस तांदूळ निवडायला यायचं असेल, तर मला आधी कळवा.