इंग्रजीचा विद्यार्थी आणि लेण्यांची नावे
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून इंग्रजीच्या विद्यार्थ्याविषयी बोलले जावे, हे काहींना आडवळणाचे वाटेल. इतिहास सांगावा तो इतिहासाच्या अभ्यासकाने. इंग्रजी शिकणाऱ्याने आपले व्याकरण पाहावे आणि नोकरीला लागावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु या सभागृहात बसलेल्या बहुतेक घरांतून आज एक तरी मुलगा वा मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते आहे, आणि वेरूळच्या लेण्यांविषयी तिला जे काही कळते ते इंग्रजीतूनच कळते. तेव्हा ही भाषा इतिहासापर्यंत कोणत्या वाटेने नेते आणि त्या वाटेवर कोठे ठेच लागते, याचा विचार करण्यास हे निमित्त योग्यच म्हणावे लागेल.

प्रारंभ एका कादंबरीपासून करू या. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाची 'अ पॅसेज टू इंडिया' ही कादंबरी १९२४ साली प्रसिद्ध झाली. इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ती सहसा चुकवता येत नाही. मराबार नावाच्या डोंगरातील गुंफांमध्ये एक घटना घडते, निदान घडली असा आरोप होतो, आणि त्यावरून एका भारतीय डॉक्टरवर खटला चालतो. त्या खटल्याच्या प्रकरणात एक छोटासा प्रसंग आहे. बचावपक्षाचा वकील मोठा डाव उघडकीस आणल्याच्या आविर्भावात विचारतो, की गुन्हा बौद्धांच्या कोणत्या गुंफेत घडला? त्याला उत्तर मिळते, की मराबारच्या सगळ्याच गुंफा जैनांच्या आहेत. वकिलाचे तेवढ्याने समाधान होत नाही. मग जैनांच्या कोणत्या गुंफेत, असे तो विचारतो. वाचक हसतो आणि पान उलटतो.

जैन घरातील विद्यार्थी मात्र या ठिकाणी थबकतो. जगप्रसिद्ध इंग्रजी कादंबरीत, भर न्यायालयात, आपल्या धर्माचे नाव आले, याचे त्याला आधी अप्रूप वाटते. मग शंका येते. ह्या गुंफा खरोखर जैनांच्या होत्या काय?

येथे फॉर्स्टरचा या शहराशी असलेला संबंध सांगितला पाहिजे. १९१३ च्या मार्च महिन्यात तो औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, येऊन राहिला होता. निजामाच्या राज्यातील ह्या गावचे न्यायालय त्याने पाहिले आणि तेथे पंखा ओढणाऱ्या मुलाच्या निर्विकार मुद्रेची नोंद आपल्या रोजनिशीत केली. कादंबरीतील खटल्याच्या दालनातही असाच एक पंखेवाला आहे. साऱ्या गदारोळात स्थिर असलेला तो एकटाच. येथूनच फॉर्स्टर वेरूळला गेला. मात्र मराबारचा डोंगर त्याने घेतला तो बिहारातील गयेजवळच्या बराबर टेकड्यांवरून. म्हणजे न्यायालयाच्या चित्राचा धागा आपल्या गावाचा आणि गुंफा बिहारच्या.

त्या बराबरच्या गुंफा प्रत्यक्षात जैनांच्याही नव्हत्या आणि बौद्धांच्याही. सम्राट अशोकाने तेथील गुंफा आजीविक साधूंना दान दिल्या, आणि त्याचा नातू दशरथ याने शेजारच्या नागार्जुनी टेकडीवरील गुंफा त्यांनाच दिल्या. तसे शिलालेख तेथे आहेत. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि हे लेख वाचले जाऊ लागले. त्यांपैकी काहींमध्ये 'आजीविक' हा शब्दच नंतर कोणीतरी छिन्नीने घासून टाकलेला आढळतो. बाकीचा लेख शाबूत, दात्याचे नाव शाबूत, केवळ ज्यांना दान मिळाले त्यांचे नाव खरवडलेले! फॉर्स्टरने कल्पित कादंबरी लिहिली, इतिहास लिहिला नाही. त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु एका वकिलाच्या थट्टेतून निघालेला विद्यार्थी दगडावरच्या घासलेल्या शब्दापर्यंत पोहोचला, हे इंग्रजीच्या अभ्यासाचे फळ लहान नव्हे.

आणि तेथून तो आपल्याच घरी परततो. आजीविकांचा प्रमुख मंखलिपुत्र गोशालक हा आपल्याला अपरिचित नाही. भगवतीसूत्राच्या पंधराव्या शतकात त्याची कथा विस्ताराने आली आहे. आजीविकांचे स्वतःचे ग्रंथ काळाच्या उदरात गेले. १९५१ साली ए. एल. बॅशम यांनी त्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला, तेव्हा त्यांना आधार घ्यावा लागला तो मुख्यतः जैन व बौद्ध ग्रंथांचाच, म्हणजे प्रतिपक्षाच्या साक्षीचा. ज्याचे स्वतःचे लिहिलेले उरत नाही, त्याचा इतिहास इतरांच्या शब्दांत लिहिला जातो. मग जैनांचा इतिहास कोणाच्या शब्दांत लिहिला गेला, हा प्रश्न पाठोपाठ येणारच.

त्याचे उत्तर शोधण्यास वेरूळइतके सोयीचे ठिकाण नाही. शहरापासून ते तीस किलोमीटरच्या आतच आहे. पेशव्यांच्या दरबारी असलेला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने १७९४ मध्ये लेणी पाहिली आणि त्यांचे वर्णन इंग्रजीत छापले. त्याच्यासाठी पुण्याच्या गंगाराम तांबट नावाच्या चित्रकाराने वेरूळची रेखाटने केली, हेही जाता जाता नोंदवावे, कारण इंग्रजी ग्रंथांच्या कौतुकात अशी मराठी नावे मागे पडतात. पुढे कॅप्टन सीली याने १८२४ साली वेरूळवर स्वतंत्र पुस्तकच काढले. शास्त्रशुद्ध काम झाले ते जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांच्याकडून. त्या दोघांचा लेण्यांवरील ग्रंथ १८८० सालचा, आणि बर्जेसचा वेरूळवरील अहवाल १८८३ सालचा. निजाम सरकारच्या औरंगाबाद गॅझेटिअरचे वर्ष १८८४. आजही मार्गदर्शक पुस्तिकांतून जे लिहिलेले असते, त्याचे मूळ बहुतेक वेळा या तीन ग्रंथांत सापडते.

आता इंद्रसभेचेच पाहा. बत्तिसाव्या क्रमांकाच्या लेण्याचे हे नाव शाळेच्या सहलीतील प्रत्येक मुलाला पाठ असते. तेथे वृक्षाखाली हत्तीवर बसलेली एक भव्य पुरुषमूर्ती आहे, आणि तिच्या जोडीला आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली, जवळ बालक असलेली स्त्रीमूर्ती. हत्ती म्हणजे ऐरावत, त्यावर इंद्र, म्हणून शेजारी इंद्राणी, असा अर्थ लावला गेला. लोकांच्या तोंडी असलेले नाव इंग्रज विद्वानांनी उचलले, त्यांच्या ग्रंथांनी त्यावर मोहोर उठवली आणि ते पुन्हा लोकांकडे अधिकृत होऊन आले. वस्तुतः आंब्याचे झाड, सिंह आणि मूल एवढे पाहिल्यावर कोणतीही श्राविका सांगेल, की ही नेमिनाथ भगवंतांची यक्षी अंबिका. हत्तीवर बसलेला तो यक्ष. त्याला सर्वानुभूती म्हणावे की मातंग, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण तो सभेत बसलेला देवराज इंद्र नव्हे याविषयी आज दुमत नाही. अमेरिकन अभ्यासिका लिसा ओवेन यांचा वेरूळच्या जैन लेण्यांवरील ग्रंथ २०१२ मध्ये आला. लेणी ही केवळ कलावस्तू नसून पूजेचे, भक्तीचे स्थान आहे, या बाजूने त्यात विचार केला आहे. ही गोष्ट दर्शनाला जाणाऱ्या आपल्या आजीला कोणाही ग्रंथाशिवाय ठाऊक होती. परंतु आजीला ग्रंथ लिहिता येत नव्हता आणि बर्जेसला आजीशी बोलता येत नव्हते.

भाषेच्या विद्यार्थ्याची नजर आणखी एका गोष्टीवर पडते. कोलब्रुक याने १८०७ साली जैनांविषयी एक निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच जैनांना 'सेक्ट', म्हणजे पंथ, म्हटलेले आहे. शब्द लहान आहे, पण पंथ म्हटला की तो कोणाचा तरी पंथ असावा लागतो. पुढची कित्येक वर्षे लासेन, वेबर यांच्यासारखे विद्वान जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा असल्याचे मानत राहिले. हा समज खोडून काढला तो हर्मान याकोबी या जर्मन पंडिताने. कल्पसूत्राच्या १८७९ सालच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने जैन परंपरेचे स्वतंत्र अस्तित्व साधार सिद्ध केले. १८८४ मध्ये आचारांग आणि कल्पसूत्र यांची त्याची इंग्रजी भाषांतरे मॅक्सम्युलरच्या ग्रंथमालेत निघाली. गंमत अशी, की त्या मालेच्या लिप्यंतराच्या रीतीनुसार 'ज' साठी तिरपे 'जी' हे अक्षर वापरीत. त्यामुळे ग्रंथाच्या शीर्षकात जैन हा शब्द 'जे' ने नव्हे, तर 'जी' ने सुरू होतो. वाचनालयाच्या जुन्या सूचीत 'जे' खाली शोधणारा विद्यार्थी रिकाम्या हाताने परततो आणि ग्रंथ दोन कप्पे अलीकडे धूळ खात असतो!

आपल्या महाराष्ट्रातही इंग्रजीच्या वाटेने इतिहासाकडे गेलेले एक थोर उदाहरण आहे. अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे, जन्म १८७८. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाच्या जागृतीत त्यांचा मोठा वाटा आहे, आणि पुढे १९३७ साली ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले, हे अनेकांना ज्ञात असेल. ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते, ही गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. १९०५ मध्ये त्यांनी जैन धर्माची ओळख करून देणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. राजर्षी शाहू छत्रपतींचे त्यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र १९२४ साली, म्हणजे महाराजांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी प्रसिद्ध झाले. मध्यंतरी दरबाराशी बेबनाव होऊन त्यांना कोल्हापूर सोडावे लागले होते. असे असूनही त्यांनी तो ग्रंथ पत्रव्यवहार व कागदपत्रे यांच्या आधारे सिद्ध केला, आणि महाराजांच्या कार्याचा अभ्यासक आजही त्याकडे वळतो. फॉर्स्टरची कादंबरीही त्याच १९२४ सालची. एका इंग्रजाने कल्पनेतला हिंदुस्थान लिहिला, त्याच वर्षी इंग्रजीच्या एका जैन प्राध्यापकाने एका संस्थानाचा दस्तऐवजी इतिहास इंग्रजीत मांडला. आपल्या अभ्यासक्रमात पहिला येतो, दुसऱ्याचे नावही येत नाही. पहिल्याने जावे असे नव्हे. दुसऱ्याने यावे, एवढेच म्हणणे आहे.

आता परत वेरूळला, पण लेण्यांत नव्हे, त्यांच्या वरच्या अंगाला. जैन लेण्यांच्या वर चारणाद्रीचा डोंगर आहे आणि तेथे पार्श्वनाथ भगवंतांची सुमारे सोळा फूट उंचीची मूर्ती आहे. तिच्यावरील लेख शके ११५६, म्हणजे इसवी सन १२३४–३५ चा. देवगिरीवर तेव्हा यादव राजा सिंघण राज्य करीत होता. चक्रेश्वर नावाच्या श्रावकाने ही मूर्ती करविली. त्याच्या वडिलांचे नाव गालुगी. आईचे नाव स्वर्णा. तेही लेखात आहे. भरत चक्रवर्तीने जसे कैलासाला तीर्थ केले, तसे चक्रेश्वराने जिनप्रतिमा घडवून चारणाद्रीला तीर्थ केले, असा त्या लेखाचा आशय आहे. कैलास म्हणजे ऋषभदेवांची निर्वाणभूमी. आणि हा लेख कोरला गेला, तेव्हा डोंगराच्या त्याच रांगेत राष्ट्रकूटांचे शिवाचे कैलास लेणे उभे होते. कोरविणाऱ्याच्या मनात ते होते की नाही, हे लेख सांगत नाही. डोंगरावर उभे राहिलेल्याला मात्र त्याची आठवण झाल्यावाचून राहात नाही.

ह्या लेखाचे इंग्रजी भाषांतर एकोणिसाव्या शतकातच छापले गेले. आपल्या समाजातील इंग्रजी शिकलेला तरुण चक्रेश्वराची प्रथम ओळख करून घेतो ती बहुधा त्या भाषांतरातूनच, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण इंद्रसभेत नाव देणारे वेगळे आणि कोरविणारे वेगळे होते. येथे कोरविणाराच स्वतः बोलतो आहे. ते मूळ शब्द वाचण्यासाठी डोंगर चढावा लागतो, आणि थोडे संस्कृतही लागते.

असे लेख केवळ डोंगरावरच आहेत असे नाही. महाराष्ट्रातील अनेक दिगंबर मंदिरांत संवत १५४८, वैशाख शुद्ध तृतीयेचा लेख असलेल्या पाषाणप्रतिमा आढळतात. भट्टारक जिनचंद्र यांच्या हस्ते, जीवराज पापडीवाल या श्रेष्ठीने, मुडासा येथे इसवी सन १४९१ च्या सुमारास प्रतिष्ठित करवून गावोगावी पाठविलेल्या त्या मूर्ती होत. अभिषेकाच्या वेळी त्या लेखावरून रोज पाणी वाहते आणि अक्षरे थोडी थोडी झिजतात. ज्या मुलांना शेक्सपिअरची चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी टिपांच्या मदतीने वाचता येते, त्यांना ह्या सव्वापाचशे वर्षांपूर्वीच्या देवनागरी ओळी वाचता येणार नाहीत असे नाही. सुटीतल्या एका रविवारी अभिषेकापूर्वी, पुजाऱ्यांची अनुज्ञा घेऊन, एक वही, एक विजेरी आणि जवळ कोणी जाणते ज्येष्ठ एवढे असले, की आपापल्या मंदिरातील प्रतिमालेख उतरवून घेता येतील. वहीत डाव्या पानावर मूळ लेख जसाच्या तसा, झिजलेल्या अक्षरांची जागा कोरी सोडून. आणि उजव्या पानावर मराठी व इंग्रजी अर्थ.