सर्पगंधा : एक मूळ, अनेक रसायने

(हीरकमहोत्सवानिमित्त शाळेत केलेले भाषण)



‘झाडपाल्याचेच तर औषध, त्याने काय अपाय होणार?’ हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी या नात्याने त्याचे उत्तर मी एकाच वनस्पतीच्या आधारे देणार आहे. ती म्हणजे सर्पगंधा.

या लहानशा झुडपाचे कडू मूळ निद्रानाश, उन्माद आणि सर्पदंश यांवर शतकानुशतके दिले जात असे. 1931 साली कोलकात्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाने रक्तदाब उतरतो आणि उन्मादाचा रुग्ण शांत होतो, असे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास आपल्या याच दिल्लीत, करोल बागेतील तिब्बिया महाविद्यालयात, सलीमुझ्झमाँ सिद्दीकी यांनी त्या मुळातून शुद्ध अल्कलॉइड वेगळे केले. त्यांतील एकाला त्यांनी हकीम अजमल खाँ यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. 1949 मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरील आपली निरीक्षणे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडली आणि जगाचे लक्ष या मुळाकडे वळले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यातील ‘रिसर्पीन’ हाती आले.

हे रिसर्पीन करते काय? मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रिनॅलिन, सेरोटोनिन अशा संदेशवाहक द्रव्यांचे साठे असतात. रिसर्पीन ते साठे रिते करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात व दाब उतरतो. परंतु मेंदूतील साठेही रिते होतात. म्हणून रुग्ण शांत होतो. आणि म्हणूनच, विशेषतः मात्रा वाढली असता, काही रुग्णांना खोल विषण्णतेने ग्रासल्याचे डॉक्टरांना आढळले. गुण आणि दोष दोन्ही एकाच क्रियेतून निघाले. अजमलीनचे कार्य निराळे. ते हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करते. ब्रुगाडा नावाचा हृदयविकार ओळखण्यासाठी ते आजही वापरतात. पण रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

चिमूटभर चूर्णात ही दोन्ही द्रव्ये असतात, आणि त्यांच्याबरोबर इतरही कित्येक. त्यांचे प्रमाण झाडाचे वय, जमीन व ऋतू यांनुसार बदलते. रक्तदाबासाठी रिसर्पीनची रोजची मात्रा मात्र सहसा मिलिग्रॅमच्या लहानशा अंशाएवढीच असे. एवढे सूक्ष्म माप चिमटीने कसे साधावे?

यात परंपरेचा अवमान नाही. मूळ ओळखले ते वैद्यांनीच, आणि मात्रेचे महत्त्वही त्यांनी जाणले होते. त्या मुळात काय आहे आणि किती आहे, हे प्रयोगशाळेने दाखवले. म्हणून पालकहो, घरात कोणी रक्तदाबाच्या गोळीसोबत असे चूर्ण घेत असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा. ‘त्यांना कशाला सांगायचे, साधे मूळच ते’ असे म्हणू नका.

‘कोणते द्रव्य? किती?’ हे दोन प्रश्न मी याच शाळेच्या प्रयोगशाळेत, मराठीतून विचारायला शिकलो. ते ऋण आज व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.