दूरच्या लक्ष्यासाठी छर्रा कोणता?

हवाई बंदूक म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जत्रेतील फुगे फोडण्याचा खेळ उभा राहतो. थोड्या अधिक जाणत्या माणसाला दहा मीटरवरची ऑलिंपिक स्पर्धा आठवते. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे ती ऑलिंपिकमध्ये आली. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने तीत सुवर्णपदक मिळविले आणि २०२२ साली कैरोला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील या प्रकारात जगज्जेता झाला. या स्पर्धेत छर्रा कोणत्या व्यासाचा घ्यावा हा प्रश्नच उद्भवत नाही. नियमाने तो साडेचार मिलिमीटरचा ठरलेला आहे. परंतु अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात होणाऱ्या ‘एक्स्ट्रीम बेंचरेस्ट’सारख्या स्पर्धांत हवाई बंदूक मेजावर टेकवून शंभर यार्डांवरील, म्हणजे सुमारे ९१ मीटरवरील लक्ष्य उघड्या मैदानात वेधावयाचे असते. तेथे व्यासाचा प्रश्न सर्वांच्या आधी पुढे येतो.

प्रचारात मुख्यतः चार व्यास आहेत : ४.५, ५.५, ६.३५ आणि ७.६२ मिलिमीटर. पहिल्याचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा, दुसऱ्याचा सव्वा ग्रॅमच्या आतबाहेर, तिसऱ्याचा जड प्रकार सव्वादोन ग्रॅमच्या जवळपास आणि चौथ्याचा जवळजवळ तीन ग्रॅमचा असतो. आकार सर्वांचा एकच. कंबर बारीक, डोके भरीव आणि मागची बाजू घागऱ्यासारखी पोकळ. बॅडमिंटनच्या फुलाप्रमाणे ही मागची बाजू हवेला अडते व छर्ऱ्याचे तोंड पुढे ठेवते. जवळच्या अंतरावर हा गुणच आहे. दूरच्या अंतरावर मात तीच अडवणूक छर्ऱ्याचा वेग खाऊन टाकते आणि मंदावलेला छर्रा वाऱ्याच्या स्वाधीन होतो.

मग वेगच वाढवावा, असे नवख्याला सुचते. पण हा मार्ग बंद आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर; त्याच्या जवळ जाताच हवेचा विरोध एकदम वाढतो आणि या आकाराचा छर्रा डगमगू लागतो. म्हणून जाणते नेमबाज सेकंदाला २७० ते २९० मीटरच्या आसपासच थांबतात. वेगाला अशी मर्यादा पडल्यावर उरते ते वजन. सेकंदाला २७५ मीटर वेगाने सुटलेले तीन छर्रे घ्यावेत आणि आडवा वारा सेकंदाला चार मीटर, म्हणजे झाडाची पाने सतत हलविण्याइतका, धरावा. गणिताने पाहता शंभर यार्डांवर साडेचारचा छर्रा सुमारे दीड फूट बाजूला जातो, साडेपाचचा एक फूट आणि ७.६२ चा अर्ध्या फुटाहून थोडा अधिक. वाऱ्याचा अंदाज सर्वांचाच चुकतो; पण चौथा हिस्सा चुकला तर पहिल्याची चूक साडेचार इंचांची होते आणि तिसऱ्याची दोन इंचांच्या आत राहते. अशा स्पर्धांत मोठ्या व्यासाच्या बंदुका का दिसतात, याचे उत्तर एवढ्यात आले. जेथे वलयाची रेषा छर्ऱ्याच्या कडेने शिवली तरी वरचे गुण मिळतात, तेथे मोठ्या छिद्राचा आणखी दीड मिलिमीटर लाभ होतो, तो वेगळाच.

एवढ्यावरून मोठा व्यास नेहमीच श्रेष्ठ असा निष्कर्ष कोणी काढील तर तो फसेल. इंग्लंडमध्ये वाढलेल्या ‘फील्ड टार्गेट’ या प्रकारात छर्ऱ्याची ऊर्जा बारा फूट-पौंडांच्या, म्हणजे सुमारे १६ ज्यूलच्या आत ठेवावी लागते. त्या ऊर्जेत साडेचारचा छर्रा सेकंदाला २४० मीटरहून अधिक वेगाने जातो. साडेपाचचा जेमतेम १८० मीटरने. अंतर आधी सांगितलेले नसते, दुर्बिणीतून स्वतः अजमावावे लागते. छर्ऱ्याचा मार्ग जितका सपाट, तितका अंतराच्या अंदाजातील दोष खपून जातो. म्हणून पन्नास मीटरपर्यंतच्या त्या खेळात साडेचारचेच राज्य आहे. तेव्हा व्यास निवडण्यापूर्वी ऊर्जा किती वापरू दिली आहे, हे पाहिले पाहिजे.

भारतात या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे, आणि उत्साहाच्या भरात तिच्याकडे दुर्लक्ष होते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरहून अधिक व्यासाची किंवा २० ज्यूलहून अधिक ऊर्जेची हवाई बंदूक परवान्यावाचून बाळगता येत नाही. वर सांगितलेला साडेचारचा छर्रा २७५ मीटरच्या वेगाने सोडला तर या सीमेवरच येऊन ठेपतो, आणि ७.६२ चा शंभर ज्यूलच्या पलीकडे जातो. परदेशातील स्पर्धांची वर्णने वाचून मोठी बंदूक मिळविण्याच्या मागे लागलेल्या तरुणाला ही गोष्ट त्याच्या वडीलधाऱ्यांनी आधी सांगावी. परवाना नसेल तर साडेचारच्या बंदुकीनेच पन्नास मीटरवर वारा वाचण्याचा अभ्यास करणे हाच त्याच्यापुढचा सरळ मार्ग. आणि ज्या छर्ऱ्याला वारा अधिक ढकलतो, त्याच्याकडून वाऱ्याची ओळखही अधिक लवकर होते.

परवाना असलेल्यानेही ७.६२ कडे एकदम धावू नये. तिला हवा फार लागते, एका भरण्यात थोडेच बार निघतात आणि धक्काही जाणवतो. ६.३५ हा मधला व्यास पुष्कळांना पुरतो.

व्यास ठरला तरी काम संपत नाही. एकाच व्यासाचे छर्रे डोक्याच्या मापात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने वेगळे मिळतात, आणि प्रत्येक नळीची आवड निराळी असते. चेक प्रजासत्ताकातील बोहुमीन येथील जेएसबी कारखान्याचे छर्रे नावाजलेले आहेत. पण त्यांचाही एक डबा एका नळीला मानवतो आणि दुसरा मानवत नाही. यासाठी वारा पडलेल्या पहाटे निरनिराळ्या डब्यांतील दहा-दहा छर्रे एकाच ठिकाणी नेम धरून मारून पाहावेत, आणि ज्याचा पुंजका सर्वांत लहान पडेल त्याच साच्याच्या क्रमांकाचे डबे हंगामभर पुरतील इतके एकदम घेऊन ठेवावेत.